हनुवटीवरचा मास्क

सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्रात रोज 20,000 हून अधिक करोनाबाधित सापडत होते. पुढच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला हा आकडा तीन हजारांच्या आसपास उतरला. लोकल ठरावीक वेळांत सर्वांसाठी सुरू झाली, लग्नांचे हॉल भरले आणि नाकावरचा मास्क हनुवटीवर येऊन थांबला. दुकानांच्या दारातल्या, पायाने दाबायच्या सॅनिटायझरच्या बाटल्या संपल्या, त्या पुन्हा कुणी भरल्या नाहीत. 22 फेब्रुवारीला अमरावतीत टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये राज्याचा रोजचा आकडा 60,000 च्या पुढे गेला.

विषाणूचा नवा, झपाट्याने पसरणारा प्रकार हे त्याचे मोठे कारण होते. तरीही बोल लावला गेला तो ‘बेफिकीर जनते’ला, आणि हा अन्याय होता. महिनोन्‌महिने सतत धास्तावून राहणे कुणालाच जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने 2020 मध्येच या थकव्याला स्वाभाविक म्हटले होते.

मग सवय टिकते कशाने? मुंबईत विनामास्क फिरणाऱ्याला 200 रुपये दंड होता. दंड वसूल करणारा मार्शल दिसला की मास्क वर, तो वळला की खाली.

त्याच हिवाळ्यात बांगलादेशातल्या सुमारे 600 गावांत एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत घरोघरी मास्क फुकट वाटले, इमामांनी आणि गावच्या पुढाऱ्यांनी स्वतः घालून दाखवले, आणि कार्यकर्ते बाजारात, मशिदीपाशी उभे राहून विनामास्क माणसाला हटकत, हातात मास्क ठेवत. इतर गावांत नीट मास्क घालणारे 13 टक्के होते, या गावांत 42 टक्के झाले. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत साठीपुढच्यांमधला लक्षणांसहचा संसर्ग सुमारे एक-तृतीयांशाने घटला. मोबाइलवरच्या संदेशांनी मात्र काहीच जास्तीचे साधले नाही. आपल्याकडे तर फोन लावला की आधी करोनाच्या सूचनेतला खोकला ऐकू येई. लोक ती सूचना संपायची वाट पाहत.

समोर उभे राहून आठवण करून देणारी माणसे महाराष्ट्रात नव्हती असे नाही. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका, ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्याच. त्यांचे बोलणे लोक ऐकत, कारण ती गावातलीच बाई असे, घरातल्या बाळंतपणापासून ओळखीची. त्याच आशांना जून 2021 मध्ये मानधनासाठी संपावर जावे लागले. पुढच्या साथीची तयारी करताना सरकारने जाहिरातींच्या आधी त्यांच्या मानधनाची तरतूद करावी. मास्क आणि साबण रेशन दुकानातून फुकट मिळावेत, तेही लाट ओसरल्यानंतरच्या महिन्यांतसुद्धा.