वर्गणीतून न मिळणारा फोन

मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर यांस,



पेठ वडगावच्या माणसाने बोटीविषयी पत्र लिहावं, याचं कोकणातल्या कुणाला हसू येईल. पण वारणाकाठ आमच्यापासून लांब नाही. निलेवाडी, खोची, भेंडवडे इथं पावसाळ्यात चांदोली धरणाच्या विसर्गाचा आकडा तोंडपाठ असतो. 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43.

महापुरात आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते, जनरेटरला डिझेल पोचत नाही आणि रेंज गुल होते. वस्तीवर गेलेली बोट परत येईपर्यंत काठावर कुणालाच काही कळत नाही. किती माणसं राहिली? त्यात बाळंतीण आहे का?

म्हणून मागणी एकच: वारणाकाठच्या बचाव बोटींवर सॅटेलाईट फोन द्या आणि त्याची अँटेना पक्की बसवून द्या. कार्यालयातल्या कपाटातला फोन आमच्या कामाचा नाही.

लाईफ जॅकेट, इंजिनाची दुरुस्ती आम्ही वर्गणीतून करू. हा फोन मात्र वर्गणीतून मिळत नाही. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगता येत नाही. थुराया, इरिडियम या कंपन्यांच्या फोनना तर बंदीच. 26/11 च्या अतिरेक्यांनी सॅटेलाईट फोन वापरला होता, तेव्हा हा कडकपणा समजतो. रीतसर वाट बीएसएनएलच्या इनमारसॅट सेवेची, आणि तिथं आमच्या अर्जापेक्षा आपल्या पत्राला वजन.

आता अँटेना, कारण खरेदी फसते ती इथंच. इनमारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर. इथून दक्षिणेचं आभाळ मोकळं लागतं. पावसाचा या लहरींना फारसा त्रास नाही. त्रास झाडांचा, भिंतींचा आणि उभ्या माणसांचा, आणि पुरातली बोट नेमकी तिथंच लागते. रबरी बोटीच्या फुग्याला भोक पाडता येत नाही, तेव्हा मागं इंजिन अडकवायच्या फळीवर पाईप उभा करावा, बसलेल्यांच्या डोक्याच्या जरा वर. फार उंच नको. विजेच्या तारा पाण्याजवळ आलेल्या असतात. केबल जितकी आखूड तितकं बरं, लांब केबलीत सिग्नल मरतो. जोडावर रबरी टेप घट्ट गुंडाळायची. नाहीतर पहिल्याच पावसात आत पाणी जाणार.

30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींसाठी ट्रान्सपाँडरची, म्हणजे उपग्रहातून संदेश पोचवणाऱ्या उपकरणांची, योजना सुरू झाली. उपकरणं इस्रोच्या तंत्रज्ञानाची, बोटी एक लाख, किनारपट्टीची 13 राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश. कोल्हापूरला किनारा नाही, म्हणून आम्ही त्यात नाही. नियम ठीक आहे. पण दोन संच वारणेवर चाचणीसाठी मागून बघायला काय हरकत आहे?

काम मे महिन्यात व्हावं. रंगीत तालमीत फोन साहेबांच्या हातात नको, बोट चालवणाऱ्या पोरांच्या हातात द्या. नियंत्रण कक्षाला त्यांनाच लावू दे. कक्षाचा 1077 हा मदत क्रमांक सॅटेलाईट फोनवरून लागेल असं गृहीत धरू नका. कक्षाचा कोडसहित पूर्ण नंबर बोटीवर ऑईलपेंटने लिहून घ्या.

आपला,
पेठ वडगावचा एक रहिवासी