भातुकलीचा शेअरबाजार

दहा लाख रुपये कोणी कोणाला फुकट देत नाही. इंटरनेटवरील गुंतवणुकीच्या खेळात मात्र ते मिळतात. नाव नोंदवले की खात्यावर खोटी रक्कम जमा होते आणि खऱ्या कंपन्यांचे शेअर, खऱ्या भावांच्या आधाराने, लुटुपुटीने घेता-विकता येतात. भातुकलीतल्या बोळक्यातला भात जसा कोणाच्या पोटात जात नाही, तसा या बाजारातला नफा कोणाच्या खिशात जात नाही आणि तोट्याने कोणाचे घर बुडत नाही. शेअरबाजाराची मुळाक्षरे निर्धोकपणे शिकण्याचे साधन म्हणून या खेळांची शिफारस केली जाते, आणि पुसदसारख्या तालुक्याच्या गावीही वाणिज्य व अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्यात रमलेले दिसतात.

आपल्या चळवळीत याविषयी दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, हा जुगार आहे, त्याचे नावही नको. दुसरी, पोरांचा खेळ आहे, खेळू द्या. दोन्ही प्रतिक्रियांत विचाराचा आळस आहे. ज्या पिढीला आपण अभ्यास मंडळात बोलावतो, ती अर्थशास्त्राचे पहिले धडे या पडद्यावर गिरवीत असेल, तर ते धडे काय आहेत हे तपासणे आपले काम ठरते.

न्याय्य बोलायचे तर हा खेळ काही गोष्टी खरोखर शिकवितो. दर्शनी मूल्य आणि बाजारभाव यांतला फरक, बाजारभावाने दिलेली मागणी आणि मर्यादा घालून दिलेली मागणी यांतला फरक, निर्देशांक म्हणजे काय, सगळी पुंजी एकाच कंपनीत का गुंतवू नये, या गोष्टी वर्गात फळ्यावर समजावताना शिक्षकाची दमछाक होते. खेळात त्या चार दिवसांत अंगवळणी पडतात. तेवढ्यापुरते या साधनाचे स्वागत करण्यास आमची हरकत नाही.

पण बाजार म्हणजे केवळ बटणे नव्हेत. खेळात तुम्ही विकायला काढलेला शेअर पडद्यावरच्या भावाने तत्काळ विकला जातो. खऱ्या बाजारात लहान कंपनीच्या शेअरला खालचे सर्किट लागले की घेणारा कोणीच नसतो. भाव दिसत राहतो, गिऱ्हाईक दिसत नाही. कापूस गाडीत भरून बाजार समितीच्या आवारात रात्र काढलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला हे वेगळे समजावण्याची गरज पडू नये. दलाली, व्यवहार कर, मुद्रांक शुल्क, वस्तू व सेवा कर यांची वजावट पुष्कळ खेळांत नसते, किंवा असली तरी खोट्या पैशातून होत असल्याने बोचत नाही. आणि सर्वांत मोठी उणीव ही की तोटा झाला तर खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतो. बापाने सोसायटीचे कर्ज फेडून बाजूला ठेवलेले चाळीस हजार गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचे बटण कोठे असते?

क्रमवारीचा प्रकार तर मुळातच चुकीची शिकवण देणारा आहे. महिनाभरात ज्याची रक्कम सर्वाधिक वाढली तो पहिला, अशी यादी लागते. गमावण्यासारखे काहीच नसेल आणि पहिल्यालाच टाळ्या मिळणार असतील, तर शहाणा खेळाडू काय करील? तो सगळी रक्कम सर्वांत बेभरवशाच्या एकाच शेअरवर लावील. जो सावधपणे दहा कंपन्यांत रक्कम विभागील तो यादीत कधीच वर येणार नाही. म्हणजे पुस्तकात विवेक शिकवायचा आणि गुण मात्र अविवेकाला द्यायचे. शिवाय यशाचे श्रेय कौशल्याला मिळते ते वेगळेच. १०२४ माणसांना दहा वेळा छापा की काटा ओळखायला सांगा. दहाही वेळा बरोबर ओळखणारा सरासरीने एक निघतोच. त्याने काही साधना केलेली नसते. पण तो एकजण उद्या शिकवणी वर्ग काढतो, आणि उरलेले १०२३ त्याची फी भरतात.

या खेळांविषयी सरकारी यंत्रणा गाफील होती असे म्हणता येणार नाही. २४ मे २०२४ च्या परिपत्रकाने सेबीने शेअरबाजारांना ताज्या भावांची माहिती अशा खेळांना पुरविण्यास मनाई केली. शिक्षणासाठी द्यायची तर निदान एक दिवस शिळी द्यावी आणि खेळाडूंच्या कामगिरीवर पैशाचे बक्षीस असू नये, अशी अट घातली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अनधिकृत आभासी व्यवहारांपासून दूर राहण्याचा जाहीर इशारा दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर संसदेने कायद्याने बंदी आणली. हे सगळे योग्यच झाले. परंतु बक्षीस गेले तरी क्रमवारीचा मोह राहतो. आणि खोट्या बाजारातून खऱ्या बाजारात जायला त्याच फोनवर आधार क्रमांक आणि पॅन भरण्याइतकाच वेळ लागतो.

त्या खऱ्या बाजारात काय चालते याचे आकडे सेबीनेच प्रसिद्ध केले आहेत आणि ते प्रत्येक कार्यकर्त्याने तोंडपाठ करावेत. सप्टेंबर २०२४ च्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये या व्यक्तींपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते, ७५ टक्क्यांहून अधिक जणांनी वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या खाली दाखविले होते, आणि ७२ टक्क्यांहून अधिक जण देशातील पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. म्हणजे ते आपलेच. पुसद, दिग्रस, उमरखेड, वाशीम अशा गावांतले. दोन वर्षे ओळीने तोटा खाऊनही तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांनी व्यवहार चालूच ठेवले. पुढे नियम कडक झाले, साप्ताहिक करार कमी करण्यात आले, तरीही २०२४-२५ मध्ये ९१ टक्के व्यक्ती तोट्यातच राहिल्या आणि त्यांचा निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींवर गेला.

हा पैसा हवेत विरत नाही. २०२३-२४ मध्ये व्यक्तींनी खर्च वगळता ६१ हजार कोटींहून अधिक गमावले. त्याच वर्षी स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले. बेरीज करून पाहावी. या दोन्ही गटांच्या नफ्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक नफा संगणकाने आपोआप चालविलेल्या व्यवहारांतून आला. ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी पेढीवर बँक निर्देशांकात हेतुतः चढउतार घडविल्याचा ठपका ठेवला आणि ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्याचा हुकूम दिला. पेढीने आरोप नाकारले आहेत. अंतिम निर्णय काय व्हायचा तो होवो. भातुकलीच्या बाजारात समोर कोणीच बसलेले नसते, हा मुद्दा मात्र निर्णयावर अवलंबून नाही. तिथे मुलगा एकटाच खेळतो आणि त्याला वाटते की आपली लढत भावाशी आहे.

बाजारभावाचा खेळ करण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही, आणि तिचे नाते आपल्याच पिकाशी आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातले उघडते आणि मिटते भाव एकेकाळी तारेने मुंबईत येत, आणि ज्यांनी कापसाचे बोंड पाहिलेले नव्हते असे लोक त्या आकड्यांवर पैसे लावीत. १९६१ च्या सुमारास ते आकडे येणे बंद झाले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे निर्माण करण्यात आले. कापूस गेला, मटका राहिला, आणि 'ओपन' व 'क्लोज' हे बाजाराचे शब्द गिरणगावातल्या मजुराच्या तोंडी बसले. त्याच्या उलट दिशेचा प्रयोगही याच मातीतला. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याला हमीभाव मिळावा आणि वरच्या नफ्यातही वाटा मिळावा, मधला व्यापारी आणि सटोडिया दूर व्हावा, ही तिची कल्पना. पुढे ती तोट्यात आणि गैरव्यवहारांत रुतली आणि या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत मक्तेदारी संपली. योजनेचे दोष आम्ही झाकणार नाही. पण भाव ही पैज लावण्याची वस्तू नसून कोणाच्या तरी वर्षभराच्या श्रमाचा मोबदला असतो, ही जाण त्या योजनेमागे होती. मडक्यामागे नव्हती आणि मोबाईलमागेही नाही.

याच संदर्भात एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे सरकारने भाववाढीच्या भीतीने थांबविले, आणि ती स्थगिती पुढे पुन्हा पुन्हा वाढविण्यात आली. सोयाबीनच्या वायद्याने शेतकऱ्याचे कल्याण झाले असते असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याच्या शेतात सोयाबीन उभे आहे त्याला भावाची पूर्वखूण नाकारायची, आणि त्याच्या मुलाला निर्देशांकावर दर आठवड्याला पैज लावायला मोकळीक द्यायची, या धोरणाला अर्थशास्त्रात कोणते नाव द्यावे ते कळत नाही.

मुले या वाटेला का जातात, हे सांगण्यास फार पांडित्य नको. पदवी आहे, नोकरी नाही. स्पर्धा परीक्षांची जाहिरात निघत नाही, निघाली तर निकाल लागत नाही. शेती परवडत नाही. अशा मुलाला दिवसाला हजार रुपयांचे स्वप्न दाखविणारा भेटला तर दोष स्वप्न पाहणाऱ्याचा मानता येत नाही. त्याला जुगारी म्हणून हिणवणारा कार्यकर्ता त्याला कायमचा गमावतो.

म्हणून आमची सूचना अशी की शेअरबाजाराचे शिक्षण आपणच द्यावे. खेळ हवा तर वहीत खेळावा. प्रत्येकाने एक कंपनी निवडावी, तिचा भाव दररोज न पाहता महिन्यातून एकदा लिहावा, प्रत्येक काल्पनिक व्यवहारावर दलाली आणि कर काटेकोरपणे वजा करावेत, आणि वर्षअखेर तीच रक्कम टपाल खात्यात ठेवली असती तर किती झाली असती ते शेजारी मांडावे. बाजारात जुना शेअर घेतला की पैसा कंपनीला नव्हे, आधीच्या धारकाला जातो. त्यातून नवा कारखाना उभा राहत नाही, हे या वहीतच समजावून सांगता येईल.

आणि भावापेक्षा अधिक वेळ वार्षिक अहवालाला द्यावा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि आपले कार्यकर्ते तो उघडतही नाहीत, याचे आम्हाला नेहमीच नवल वाटत आले आहे. नफातोटा पत्रकात कर्मचाऱ्यांवरील खर्चाची स्वतंत्र ओळ असते. तिच्याशेजारी भागधारकांना दिलेला लाभांश ठेवून पाहावा आणि पाच वर्षांत कोणता आकडा किती वाढला ते काढावे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ प्रमाणे नोंदणीकृत कंपनीला प्रत्येक संचालकाचा मोबदला मध्यम कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे ते जाहीर करावे लागते. २०२२-२३ पासून पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना कायम कामगार किती आणि कायम नसलेले किती हेही सांगावे लागते. संपाच्या काळात ही माहिती मिळवण्यासाठी पूर्वी कामगार पुढाऱ्यांना कोण यातायात करावी लागे! आज ती पानावर छापलेली आहे.

पुसदच्या अभ्यास मंडळाला आरंभ करायचा तर एखादी सूतगिरणी-कापड कंपनी किंवा बियाणे कंपनी घ्यावी, म्हणजे आपल्या शेतातला माल ताळेबंदात कोणत्या ओळीत येतो तेही दिसेल. इंग्रजी अहवालाची अडचण येईल; गावातल्या वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांना आणि सनदी लेखापालांना बोलावले तर ते नाही म्हणणार नाहीत. महिन्यातून एक रविवार, दोन तास, आठ-दहा मुले, एक अहवाल पुरेसा आहे. फोन खिशातच ठेवावेत.