फ्लॅशर बिचारा खरंच बोलत होता

शनिवारची सकाळ, दुसरा चहा झालेला, बायको लेकीला घेऊन क्लासला गेलेली आणि खाली पार्किंगमध्ये मी, माझी बारा वर्षांची दीडशे सीसी आणि नाना पेठेतून आणलेले चार चकाचक एलईडी इंडिकेटर. आठवडाभर स्क्रीनकडे बघून दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधणाऱ्या माणसाला हाताला काळं लागेल असं काहीतरी करायची हौस असतेच. जुने इंडिकेटर बंद पडले होते का? नाही. मग बदलायचे कशाला? हौस! दुसरं काय?

तासाभरात चारही बसवले. किल्ली फिरवली, डावीकडचं बटण दाबलं... आणि इंडिकेटर असा काही सुटला की विचारू नका! टिक... टिक... टिक... च्या ऐवजी टिकटिकटिकटिक! पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीतून ओरडले, "काय रे, गणपतीचं डेकोरेशन इतक्यात काढलंस?"

हे का होतं ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे.

इंडिकेटर लुकलुकवायचं काम करतो तो फ्लॅशर. काडेपेटीएवढा डबा असतो, बहुतेक गाड्यांमध्ये सीटखाली किंवा बाजूच्या पॅनेलच्या आत. हा नुसता चालू-बंद करणारा डबा नसतो. आपल्यातून किती करंट जातोय यावर तो लक्ष ठेवून असतो. माझ्या गाडीचे जुने बल्ब १२ व्होल्ट, १० वॅटचे. एका बाजूचे दोन, म्हणजे २० वॅट. भागिले १२ केलं की साधारण १.७ अँपिअर. त्यातला एक बल्ब उडाला की करंट निम्म्यावर येतो. फ्लॅशरला हे कळतं आणि तो मुद्दाम भराभर लुकलुकायला लागतो, म्हणजे चालवणाऱ्याने समजून घ्यावं की बाबा रे, एक बल्ब गेलाय, बघ जरा.

आता माझे नवे एलईडी जेमतेम एक-एक वॅटचे. दोन्ही मिळून ०.१७ अँपिअर, म्हणजे जुन्याच्या दहावा हिस्सा. फ्लॅशरच्या दृष्टीने बल्ब उडालेलेच! (फ्लॅशर अगदी जुना, पत्री तापून वाकणाऱ्या जातीचा असेल तर उलट होतं. पत्री तापायलाच करंट पुरत नाही, त्यामुळे दिवा लुकलुकतच नाही, नुसता पेटून राहतो.)

म्हणजे बिघाड नव्हताच. त्या डब्याला जे काम नेमून दिलं होतं ते तो चोख करत होता.

मी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "सर, रेझिस्टर लावून टाका ना, सगळे तेच लावतात." संध्याकाळी जाऊन घेऊन आलो. सोनेरी ॲल्युमिनियमच्या कवचातले चार रेझिस्टर, ६ ओहम, ५० वॅट. प्रत्येक इंडिकेटरला समांतर जोडायचे. म्हणजे प्रकाश एलईडी देणार आणि करंट खायचं काम रेझिस्टर करणार. फ्लॅशरला वाटतं बल्ब आहेत, आणि तो शहाण्यासारखा टिक... टिक... करायला लागतो. रविवारी सकाळी लावले. झालं की काम!

मंगळवारी नळ स्टॉपच्या सिग्नलला इंडिकेटर चालू ठेवून उभा होतो. दीड-दोन मिनिटं झाली असतील, तर सीटखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास. घरी येऊन उघडून बघतो तो रेझिस्टरभोवती गुंडाळलेली टेप वितळून चिकट झालेली आणि शेजारच्या वायरचं आवरण मऊ पडलेलं.

मग कागद-पेन घेऊन बसलो. जे आधी करायला हवं होतं ते. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात. १४ चा वर्ग भागिले ६, म्हणजे एका रेझिस्टरमध्ये जवळजवळ ३३ वॅट. एका बाजूला दोन, म्हणजे ६५ वॅट! माझा हेडलाइट ३५ वॅटचा आहे. दिवा पेटलेला असतो तेवढाच वेळ हा करंट वाहतो हे खरं, पण दोन हेडलाइटांएवढी वीज मी सीटखाली शेगडी पेटवण्यात घालवत होतो, आणि तीही 'वीज वाचवणारे' एलईडी लावून. हे ६ ओहमचे रेझिस्टर मुळात कारच्या २१ वॅटच्या बल्बची जागा घेण्यासाठी असतात. १० वॅटच्या बल्बला १५ ओहमच्या आसपासचा पुरतो. तोही तापतोच, म्हणून तो चॅसीच्या लोखंडाला स्क्रूने आवळायचा असतो. प्लॅस्टिकजवळ, वायरच्या जुडग्यात टेपने बांधून ठेवायचा नसतो.

पण माझा खरा आक्षेप उष्णतेवर नाहीये. आपल्या धंद्यातल्या मंडळींना लगेच कळेल. प्रोग्राम एरर देतोय, मग काय करायचं? ट्राय-कॅच लावून एरर गिळून टाकायची! लॉग स्वच्छ, मॅनेजर खूश. हा रेझिस्टर म्हणजे तेच. उद्या पाठीमागचा एलईडी खरोखर बंद पडला तरी रेझिस्टर आपला करंट खातच राहणार, फ्लॅशर निवांत टिक... टिक... करणार, आणि मी डावीकडे वळताना मागच्याला काहीच दिसणार नाही.

म्हणून मी ठरवलं, योग्य तेच करायचं. रेझिस्टर काढून टाकले आणि एलईडीसाठी मिळतो तो फ्लॅशर आणला. हा करंट बघतच नाही, त्याच्या आतलं टायमिंगचं सर्किट ठरलेल्या वेगाने चालतं. त्याला मात्र स्वतःला चालायला अर्थ लागतो. माझा जुना फ्लॅशर दोन पिनांचा होता, नवा तीन पिनांचा, म्हणून चॅसीवरून एक वायर ओढली. डावं दाबलं, डावं लागलं. उजवं दाबलं, उजवं लागलं. वेगही बरोबर. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीत मिनिटाला ९० वेळा, तीस इकडे-तिकडे, असा वेग दिलाय. माझा मोजून ८४ भरला. छाती फुगवून वर गेलो.

त्याच आठवड्यात रात्री साडेनऊला, पाऊस चालू, कर्वे रस्त्यावरून उजवीकडे गल्लीत वळत होतो. इंडिकेटर दिलेला. वळणार इतक्यात उजव्या बाजूने एक रिक्षा घासून पुढे गेली. आरशाला धक्का लागला, मी कसाबसा पाय टेकवून उभा राहिलो. रिक्षावाल्याने थांबून मागे वळून बघितलं. मला वाटलं आता आमची जुंपणार. तो म्हणाला, "अहो साहेब, जायचंय कुठं ते ठरवा की आधी! चारी दिवे लावून कोण वळतं?"

चारी?

गाडी स्टँडला लावली, मागे जाऊन बघितलं. खरंच की! उजवं बटण दाबलेलं आणि चारही लुकलुकतायत. शब्दच फुटेना. "चुकलं दादा," एवढंच म्हणालो. तो निघून गेला.

कारण सापडायला घरी अर्धा तास लागला. माझ्या गाडीच्या मीटरवर दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच छोटा दिवा आहे. त्याचं एक टोक डाव्या वायरला, दुसरं उजव्या वायरला. उजवं दाबलं की करंट या छोट्या दिव्यातून पलीकडे डाव्या बल्बांमधून अर्थला जातो. एवढ्याशा करंटने १० वॅटचा बल्ब पेटत नाही, म्हणून कारखान्यातून आली तेव्हा गाडी ठीक होती. एलईडीला मात्र तेवढाच करंट भरपूर होतो. रेझिस्टर होते तोपर्यंत तो करंट त्यांच्यातून निघून जात होता, म्हणून हा घोळ लपला होता. 'योग्य' उपाय करून मी तो उघड्यावर आणला!

आणि मला तो दिसला का नाही? कारण मी तपासणीच तशी केली होती. उजवं दाबलं की उजवं लागतं का, एवढंच बघितलं. उजवं दाबल्यावर डावं बंद राहतं का, हे बघितलंच नाही. हीच चूक ऑफिसात ज्युनिअरने केली असती तर मी त्याला अर्धा तास लेक्चर दिलं असतं.

उपाय फार स्वस्त निघाला. तपकीर गल्लीतून १एन४००७ नावाचे दोन डायोड आणले, किंमत सांगायलाही लाज वाटावी इतकी कमी. मीटरच्या दिव्याच्या दोन्ही वायर सोडवायच्या. डावीकडून येणाऱ्या वायरला एक डायोड, उजवीकडून येणाऱ्या वायरला दुसरा. दोघांची पांढऱ्या पट्टीची टोकं एकत्र करून दिव्याच्या एका बाजूला जोडायची आणि दिव्याची दुसरी बाजू अर्थला. आता करंट कुठूनही आला तरी दिव्यातून थेट अर्थला जातो, पलीकडे जायला वाटच नाही. ज्यांच्या मीटरवर डावा आणि उजवा असे दोन वेगळे बाण आहेत त्यांना याची बहुधा गरजच पडणार नाही. आणि ज्यांच्या नव्या गाडीत वेगळा फ्लॅशरच नाही, सगळं कंट्रोल युनिटमधून चालतं, त्यांनी वॉरंटीत तरी यात हात घालू नये हे उत्तम.

आता माझं मत. एलईडी लावायचेच असतील तर फ्लॅशर बदला, रेझिस्टर लावू नका. रंग नारिंगीच ठेवा, निळे-पांढरे चाळे नकोत. जोड टेपने गुंडाळू नका, डाग देऊन वर हीट-श्रिंक चढवा, पुण्याच्या एका पावसात टेप राम म्हणते. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, हेही डोक्यात असू द्या.

पण एक गोष्ट कुठल्याच दुकानात कुणी सांगत नाही. रेझिस्टर लावा नाहीतर नवा फ्लॅशर, बल्ब गेल्याची ती टिकटिकटिकटिक दोन्हीकडे कायमची जाते. गाडी बनवणाऱ्याने नेमलेला पहारेकरी आपण हौसेपायी घरी पाठवतो. मग पहारा कुणी द्यायचा? आपणच. इंडिकेटर आपल्याला दिसतही नाही, तो मागून येणाऱ्यासाठी असतो, आणि त्या रात्री तो मागून येणारा बिचारा माझ्या चार दिव्यांचा अर्थ लावत होता.

आता दर रविवारी गाडी धुतली की लेक मागे उभी राहते आणि मी बटणं दाबतो. "डावं चालू, उजवं बंद!" ती ओरडते. "उजवं चालू, डावं बंद!" दुसरं अर्धं वाक्य विसरली तर मी पुन्हा म्हणायला लावतो. काका गॅलरीतून हसतात.

हसू देत.