पगार कुणालाच नाही, तरी ३७ वर्षं चाललेलं मासिक

ग्रीन डे हा बँड माहिती असेलच. १९९४ मध्ये त्यांचा ‘डूकी’ अल्बम जगभर गाजला. पण अमेरिकेतल्या बर्कले शहरातल्या ज्या गिलमन स्ट्रीट क्लबमध्ये ही पोरं घडली, तिथंच त्यांना स्टेजबंदी झाली. गुन्हा काय? मोठ्या कंपनीशी करार केला.

हाच नियम ‘मॅक्सिमम रॉकनरोल’ या मासिकाचा. क्लब उभा करण्यात पुढाकारही मासिकवाल्या टिम योहानन यांचाच होता. १९७७ मध्ये बर्कलेत पंक संगीताचा रेडिओ शो सुरू झाला, १९८२ मध्ये त्यातून मासिक निघालं. स्वस्त कागद, काळी-पांढरी छपाई, राबणारे सगळे स्वयंसेवक. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती घ्यायच्याच नाहीत. त्यामुळे गल्लीतल्या नवख्या बँडलाही जागा मिळायची आणि परखड लिहिलं म्हणून बडा जाहिरातदार तुटेल ही भीती नव्हती. अर्थात, ‘खरा पंक कोण’ हे ठरवण्याचा हट्ट कधीकधी सोवळ्यासारखा व्हायचा.

१९९८ मध्ये योहानन गेले. तरी स्वयंसेवकांनी आणखी २१ वर्षं अंक काढला. माणसं फुकट राबली. पण छपाई, टपाल आणि सॅन फ्रान्सिस्कोतलं भाडं फुकट नसतं. २०१९ मध्ये छापील अंक थांबला. रेडिओ शो आणि रेकॉर्डची परीक्षणं मात्र ऑनलाइन सुरू राहिली.