बंदोबस्त कधी सुटणार?

विमानतळाकडे एखाद्या बड्या पाहुण्याचा ताफा जाणार असला, की विलेपार्ल्यात पश्चिम द्रुतगती महामार्गावर ठरावीक अंतरावर पोलीस उभे दिसतात. ताफ्याला उशीर झाला की त्यांचे उभे राहणेही लांबते. उन्हातान्हात पाय दुखतातच. पण बंदोबस्त कधी सुटणार हे आपल्या हातात नाही, ही जाणीवही तितकीच थकवते.

घडणाऱ्या गोष्टींवर आपला ताबा आहे असे माणसाला कितपत वाटते, हे मोजणारी प्रश्नावली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केली. ताबा आपल्याकडे आहे असे मानणारे लोक सहसा नोकरीत अधिक समाधानी असतात, असे त्यानंतरच्या अभ्यासांत दिसत आले आहे. प्रश्न केवळ मनाचा नाही. लंडनमधील दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ पाहणीत, कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले.

पोलिसांचे दुखणे नेमके इथे आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 नुसार पोलीस सदैव कामावर असल्याचे मानले जाते. पोलीस संशोधन व विकास ब्यूरोच्या 2014 च्या देशव्यापी अहवालानुसार, ठाण्यांतील सुमारे 90 टक्के कर्मचारी रोज आठ तासांहून अधिक काम करत होते. जवळपास तीन चतुर्थांश कर्मचाऱ्यांना महिन्यातून एकही साप्ताहिक सुटी मिळत नव्हती.

यावर मुंबईत एक प्रयोग झाला. दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना, मे 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली. पुढे ती इतर ठाण्यांतही नेण्यात आली. विशेष म्हणजे या वेळापत्रकाची कल्पना देवनार ठाण्यातल्याच एका शिपायाची होती. ज्याला राबायचे, त्यालाच कामाची आखणी सुचवता आली.

मात्र सण, सभा किंवा मोर्चा आला आणि मनुष्यबळ अपुरे पडले, की पहिला घाव पाळीवरच पडतो. अशा वेळी योगवर्ग आणि ताणमुक्तीची शिबिरे उपयोगी असली तरी पुरेशी नाहीत. वेळेवर ताबाच नसेल, तर तो आहे असे मानायला शिकवून काय साधणार? सुटीचा वार आधी कळणे, बुडालेली सुटी ठरलेल्या मुदतीत परत मिळणे आणि बदली येणारा माणूस वेळेवर येणे, हेही पोलिसांच्या हृदयाच्या काळजीतच मोडते.