टॉर्क पान्याची पारख

आमच्या सभासद मंडळींत स्वतःची मोटार बाळगणारे गृहस्थ आता थोडेथोडके राहिलेले नाहीत. आणि त्यांपैकी पुष्कळ जण चाक बदलणे, इंजिनाचे तेल बदलणे, प्लग साफ करणे ही किरकोळ कामे घरच्या अंगणातच उरकून घेतात. हे आम्हांस मनापासून पसंत आहे. विहिरीवरचा पंप आणि बांधावरचा ट्रॅक्टर ज्याने स्वतः उघडून पाहिला, त्याने मोटारीच्या चाकाला हात लावण्यास भिण्याचे कारण नाही. तथापि या घरगुती कारागिरीत एक वैगुण्य सर्रास दृष्टीस पडते. नट किती आवळावा याचा निर्णय मनगटावर सोपविला जातो. मनगटास विश्वास वाटेना तर पान्यात पाइप घालून त्यावर उभे राहतात, आणि खाली उतरल्यावर काम पक्के झाल्याचे समाधान मानतात.

या समाधानाची किंमत पाहावी. जपानी बनावटीच्या पुष्कळ गाड्यांत चाकाच्या नटास १०३ ते १०८ न्यूटन-मीटर इतका पीळ द्यावा असे निर्मात्याच्या पुस्तकात सांगितलेले असते. म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकास सुमारे २१ किलो वजन टांगले असता जो पीळ बसेल, तेवढाच. पासष्ट किलोचा गृहस्थ चाळीस सेंटिमीटरच्या पान्यावर नुसता उभा राहिला, तरी नटावर २५५ न्यूटन-मीटर पडतात. जे मागितले त्याच्या जवळजवळ अडीचपट!

बैलगाडीच्या चाकावर धाव चढविणारा लोहार हा हिशेब वेगळ्या रीतीने जाणत असे. धाव सैल राहिली तर ती वाटेत निसटणार, आणि फाजील आवळ बसली तर आरे पिचणार. या दोहोंमधला नेमका आवळ त्याच्या नजरेत होता. परंतु लाकूड कुरकुरून आगाऊ सूचना देते. ॲल्युमिनियम तशी देत नाही, आणि हल्लीच्या इंजिनांत ॲल्युमिनियम पुष्कळ असते.

बोल्ट आवळला म्हणजे तो किंचित ताणला जातो, आणि स्प्रिंगप्रमाणे मागे येऊ पाहणाऱ्या त्या ताणानेच दोन भाग एकमेकांस चिकटून राहतात. आपणांस हवा असतो तो हा ताण. मोजता येतो तो मात्र पीळ. आपण दिलेल्या पिळापैकी ढोबळ मानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चार दशांश आट्यांच्या घर्षणात जातो, आणि उरलेल्या एका दशांशाचा ताण होतो. म्हणून आट्यांस तेल लावले की तोच पीळ देऊनही ताण पुष्कळ वाढतो, व आटे गंजलेले असले की कमी पडतो. पुस्तकाने सांगितले नसेल तर चाकाच्या बोल्टांस तेल किंवा ग्रीज लावू नये, आटे तारेच्या ब्रशाने स्वच्छ करून कोरडे ठेवावेत, हे यावरून ध्यानात येईल.

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आम्ही तालुक्याच्या बाजारातून एक टॉर्क पाना आणला. अर्ध्या इंचाच्या चौकोनी टोकाचा, ठरविलेल्या आकड्यावर ‘कट्’ असा खटका देणारा, २८ पासून २१० न्यूटन-मीटरपर्यंतच्या खुणांचा. मोठा पाना लहान कामासही उपयोगी पडेल, असा आमचा काटकसरी विचार होता. गाडीचे तेल बदलले आणि खालच्या टाकीच्या बुचास ३५ चा पीळ द्यावयाचा म्हणून खूण ३५ वर आणली. पट्टी २८ पासून सुरू होत होती, तेव्हा ३५ ला हरकत नसावी असे वाटले. आम्ही आवळीत गेलो, खटका येईना. आणखी थोडे, आणखी थोडे, असे करता करता हातास एकाएकी मऊपणा जाणवला. ज्यास तो अनुभव आहे त्यास अधिक सांगावयास नको. टाकीच्या ॲल्युमिनियमचे आटे बुचाबरोबर निघून आले होते. चार दिवस गाडी उभी राहिली, आणि नवे आटे बसविण्यास जी रक्कम पडली तीत दोन बरे पाने आले असते. दोष विक्रेत्यावर ढकलण्यास आम्ही तयार नाही. त्याने पाना विकला, पारख आमच्याकडे नव्हती.

ती पारख कशात आहे? आमच्या मते, सर्वांत आधी मर्यादेत. हातपान्यांसाठी आयएसओ ६७८९ या नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात खटक्याच्या, आकडा बदलता येणाऱ्या पान्यास १० न्यूटन-मीटरच्या वर चार टक्के कमी-अधिक चुकण्याची मुभा आहे. पण ही चार टक्क्यांची हमी पान्याच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या एक पंचमांशापासून पुढे धरलेली आहे. २१० चा एक पंचमांश ४२. आमचे ३५ त्याच्या खाली होते. खूण छापलेली आहे याचा अर्थ तेथे पाना खरा बोलतो असा नव्हे, हे आम्ही टाकी फोडून शिकलो.

दुसरा सापळा टक्केवारीतच दडलेला असतो. मानकातील चार टक्के हे आपण लावलेल्या आकड्याचे असतात. काही स्वस्त पान्यांच्या पुठ्ठ्यावरचे चार टक्के मात्र पट्टीच्या सर्वांत मोठ्या आकड्याचे असतात. २१० चे चार टक्के म्हणजे ८.४. चाळीसच्या कामात ८.४ ची चूक म्हणजे एकवीस टक्के झाली! सबब विक्रेत्यास किती टक्के एवढेच न विचारता, कशाचे टक्के, हेही विचारावे. उत्तर देता आले नाही तर तेही एक उत्तरच समजावे.

म्हणून पाना पाहण्यापूर्वी गाडीचे पुस्तक उघडावे, आपण स्वतः जी कामे करणार तेवढ्यांचे आकडे कागदावर उतरावेत, आणि ते आकडे पट्टीच्या मधल्या भागात बसतील असा पाना निवडावा. एकच घेणे परवडत असेल तर लहान मोटारीसाठी २० च्या आसपास सुरू होऊन सव्वाशेच्या आसपास संपणारा पाना आम्ही सुचवू. त्यात तेलाच्या बुचापासून चाकाच्या नटापर्यंत बहुतेक कामे येतात. प्लगचे आकडे कित्येकदा याहूनही खाली असतात, त्यांस धाकटा पाना लागतो. ट्रॅक्टरच्या मागील चाकांचे आकडे फार मोठे. त्यांचा मोह या पान्याने धरू नये. एकक पाहण्यासही विसरू नये. जुन्या ट्रॅक्टरांच्या इंग्रजी पुस्तकांत फूट-पौंड असतात, काहींत किलोग्रॅम-मीटर. एक फूट-पौंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर आणि एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१. पान्यावर बहुधा दोन पट्ट्या असतात, आणि ८० न्यूटन-मीटरचे काम फूट-पौंडाच्या पट्टीवर केले तर नटावर १०८ पडतात.

प्रकारांविषयी आमचे मत थोडे जुन्या वळणाचे वाटेल. खटक्याच्या पान्याखेरीज साधा काट्याचा पाना मिळतो: एक वाकणारी दांडी, तिच्या शेजारी न वाकणारा काटा, आणि मुठीपाशी आकड्यांची पट्टी. मानक त्यास सहा टक्क्यांची मुभा देते, म्हणजे कागदावर तो खटक्याच्या पान्याहून उणा. परंतु त्यात थकणारी स्प्रिंग नाही, झिजणारा खटका नाही. काटा शून्यावर आहे की नाही हे डोळ्यांस दिसते, आणि नसेल तर हाताने वाकवून शून्यावर आणता येतो. गाडीखाली आडवे पडून पट्टी सरळ समोरून वाचता येत नाही, ही त्याची खरी अडचण. वर्षातून चार वेळा चाके काढणाऱ्या गृहस्थास हा पाना पुरेसा आहे असे आम्ही बेधडक सांगतो. विजेरीवर चालणारे, आकडे दाखविणारे पाने एक-दोन टक्क्यांची अचूकता सांगतात. ती खरी असली तरी घर्षणाच्या लहरीमुळे बोल्टाच्या ताणात पंचवीस टक्के वा अधिकही फरक पडत असताना, त्या एका टक्क्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजणे म्हणजे कडब्याच्या गंजीस सोनाराचा काटा लावणे होय.

पान्यासोबत येणारा दाखला मात्र वाचल्याशिवाय पेटीत टाकू नये. त्यावर त्याच पान्याचा अनुक्रमांक असावा. मोठ्या आकड्याच्या वीस, साठ व शंभर टक्क्यांवर घेतलेली प्रत्यक्ष मोजमापे असावीत. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा दाखला असेल तर उत्तमच. नुसता ‘तपासले’ असा शिक्का म्हणजे दाखला नव्हे.

परंतु बाजारात आपल्या मालाचे माप दुसऱ्याच्या काट्यावर डोळे मिटून घेऊ नये असे जे आम्ही नेहमी सांगत आलो, ते पान्यासही लागू आहे. त्याची परीक्षा घरी घेता येते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या चांगल्या आवळलेल्या नटावर सॉकेट बसवून पाना आडवा, जमिनीशी समांतर धरावा. चाकाकडे तोंड केले असता मूठ उजव्या हातास यावी. खूण ८० वर लावून आधी तीन-चार वेळा हाताने खटका काढून घ्यावा, म्हणजे आतले वंगण पसरते. मग मुठीच्या मध्यावर दोरीने बादली टांगावी, ती जमिनीपासून वीतभरच वर असावी. तांब्या-तांब्याने पाणी ओतीत जावे आणि खटका येताच थांबावे. बादली दुधाच्या संकलन केंद्रावर, वैधमापन खात्याची मोहोर असलेल्या काट्यावर तोलावी. नटाच्या मध्यापासून दोरीपर्यंतचे अंतर ४० सेंटिमीटर असेल तर खऱ्या पान्याचा खटका सुमारे २०.४ किलोस आला पाहिजे. त्यातून पान्याचे स्वतःचे वजन वजा करावे. पाना १.२ किलोचा असून चौकोनी टोकापासून २० सेंटिमीटरवर बोटावर तोलला जात असेल, तर तो दोरीपाशी ०.६ किलो इतकाच भार टाकतो. उरले १९.८. चार टक्क्यांची मुभा धरता १९ ते २०.६ किलोच्या आत खटका आला तर पाना विश्वासू समजावा. एकाच मोजणीवर निकाल देऊ नये. पाच वेळा घ्यावी आणि आकडे एकमेकांजवळ आहेत की नाहीत हे पाहावे. दर वेळी निराळे बोलणारा पाना हा नेहमी एकाच बाजूस चुकणाऱ्या पान्याहून वाईट, कारण त्याची चूक हिशेबातही धरता येत नाही.

मानकात अन्य सूचना नसल्यास बारा महिन्यांनी किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर, जे आधी येईल तेव्हा, पुन्हा तपासणी सांगितली आहे. पाच हजाराची भीती आपणांपैकी कोणास नाही. बारा महिन्यांची मात्र आहे. येथे शेतकी संघांनी पुढाकार घ्यावा असे आम्हांस वाटते. संघाच्या अवजार भांडारात एक चांगला पाना ठेवावा, दरसाल त्याचा दाखला नवा करून घ्यावा, आणि सभासदांनी आपापले पाने आणून त्याच्याशी ताडून पाहावेत. फवारणीचे पंप आपण संघातून भाड्याने देतो, मग यास एवढा विचार कशास? एका दाखल्याचा खर्च पन्नास घरांत वाटला तर तो जाणवणारही नाही, आणि ज्यांच्या गाडीतून मुलेबाळे रोज रस्त्याने जातात त्यांस चाकांविषयी तरी घोर राहणार नाही.

वापराचे थोडक्यात. खटका येताच हात थांबवावा. खात्रीसाठी दुसरा खटका काढणे म्हणजे पुन्हा आवळणेच होय. मूठ मध्यावरच धरावी, पाइप लावू नये. चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोरचे घ्यावेत, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाहावेत. काम झाले की खटक्याचा पाना सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा, त्याच्याही खाली सैल करू नये. पाना आपटला तर बादलीची परीक्षा पुन्हा घ्यावी. घट्ट नट सोडविण्यास तो कधीही लावू नये.

हा शेवटचा नियम आम्ही एका पान्यापुरता मोडला आहे. टाकी फोडणारा तो पाना आम्ही अखेर बादलीस लावला. ८० वर लावलेला असता बादली पाचही वेळा २२.३ किलोच्या आसपास भरली, म्हणजे तो ९० च्या घरात खटका देत होता. आणि हे त्याच्या पट्टीच्या चांगल्या भागात. दुरुस्तीचा खर्च विचारला तर तो नव्या पान्याच्या जवळपास आला. तेव्हा त्याच्यावरचे आकडे आम्ही कानशीने घासून टाकले, आणि आता तो औताचे गंजलेले नट सोडविण्याच्या कामी साधा दांडा म्हणून राबत आहे.