नकाशात विहीर कुठे आहे?



विहाराची तयारी आपल्याकडे अजूनही फोनवर फोन करूनच होते. माताजींचा संघ कोल्हापूरहून सांगलीकडे निघाला की पुढच्या गावातल्या श्रावकांना विचारायचे, मुक्कामाला शाळा मिळेल का, चौका कुठे लावायचा, विहिरीला पाणी आहे का? दरवर्षी तेच प्रश्न, आणि उत्तरे ठाऊक असलेली माणसे एकेक करून कमी होत आहेत. ही माहिती नकाशावर चढवायला आपण बायकांनीच शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुले म्हणतात, गूगल मॅप आहे की! आहे, आणि गाडीवाल्याला उत्तमच आहे. पण बोअर आणि विहीर यांतला फरक त्याला काय ठाऊक? पाणी गाळल्यावर जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायची असते. बोअरमध्ये ती कशी सोडणार? हे चौका लावणारीलाच कळते.

मी क्यूजीआयएस शिकते आहे. ते फुकट मिळते. नकाशावर ठिपका द्यायचा आणि त्याच्यामागे तक्ता भरायचा : गाव, जागा, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, कोणाला विचारायचे. मंदिरांचा थर वेगळा, विहिरींचा वेगळा. बी.कॉम. झालेल्या बाईला ही खतावणीच वाटते.

फाइलमधून जागा आणताना मात्र जपावे. तिथे एक्स म्हणजे रेखांश आणि वाय म्हणजे अक्षांश. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, त्यामुळे आकडे सहज उलटे पडतात आणि कोल्हापूरची विहीर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसते. सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. तेरीज जुळली म्हणजे नोंद योग्य खात्यात गेलीच असे नाही ना, तसेच हे. विहिरीभोवती ५ किलोमीटरचे वर्तुळ काढायचे असेल तर थर मीटरमध्ये मोजतो की अंशांत, हेही आधी पाहावे. अंशांत असेल तर ५ म्हणजे सुमारे साडेपाचशे किलोमीटर!

एका बाबतीत तरुण मंडळींशी माझे पटत नाही. संघ आज कुठे आहे हे मोबाइलवर सगळ्यांना दिसावे, असा त्यांचा आग्रह असतो. मंदिर ओपनस्ट्रीटमॅपवर जरूर टाका, तिथे कोणालाही भर घालता येते. पण आर्यिकांचा रात्रीचा मुक्काम जगजाहीर कशाला? तो थर व्यवस्था पाहणाऱ्यांच्याच संगणकात राहावा. शेतकऱ्याची विहीरही त्याला विचारल्याशिवाय नोंदवू नये. न दिलेले घेणे ते अदत्तादान, आणि माहितीलाही ते लागू आहे असे मी मानते.

चातुर्मासात संघ एका जागी असतात. दिवाळीनंतर विहार सुरू होतात. तोवर आपापल्या गावाजवळच्या विहिरी पाहून घ्या. पाणी कधी आटते ते मात्र घरातल्या बाईला विचारा. मालक "बारमाही आहे" म्हणून मोकळा होतो, शेंदते ती!